एक निपाणी, दोन विद्यापीठं

कोरोनानंतर कॉलेज केव्हा उघडलं, असं निपाणीतल्या मुलाला विचारलं तर तो आधी उलट विचारतो, "कुठलं?"

प्रश्न रास्त आहे. केएलई संस्थेचं जी. आय. बागेवाडी कॉलेज निपाणीत आहे, म्हणजे कर्नाटकात, आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेलं आहे. जनता शिक्षण मंडळाचं देवचंद कॉलेज निपाणीला खेटून आहे, पण त्याचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. ते महाराष्ट्रात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. गाव म्हणून दोन्ही निपाणीचीच. एका घरातला थोरला एकीकडे आणि धाकटी दुसरीकडे, असं सर्रास दिसतं. प्रवेश घेताना राज्य कुणी बघत नाही. फी किती, विषय कुठले, मैत्रीण कुठे जाते आणि बस कुठून सुटते, एवढंच बघितलं जातं.

साथीच्या दोन वर्षांत मात्र राज्य बघावं लागलं. कर्नाटकाने पदवी महाविद्यालयं १७ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. पालकांचं संमतिपत्र आणि कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल मागितला, हजेरीची सक्ती ठेवली नाही. महाराष्ट्राने १५ फेब्रुवारी २०२१ पासून परवानगी दिली, तीही निम्म्या उपस्थितीने. मग दुसरी लाट आली आणि सगळंच पुन्हा बंद झालं. त्यानंतर कर्नाटकातले वर्ग २६ जुलै २०२१ ला सुरू झाले, महाराष्ट्रातले २० ऑक्टोबरला. दोन्ही खेपांना जवळपास तीन महिन्यांचं अंतर. सायकलवरून गाठता येतील अशा दोन कॉलेजांपैकी एकात फळ्यावर तास चालू होता आणि दुसऱ्याची मुलं अजून मोबाइलच्या पडद्याकडे बघत होती.

शिक्षणशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने मुद्दाम मांडायचा म्हटला तरी असा प्रयोग मांडता आला नसता. गाव एक, भाषा एक, घरची परिस्थिती सारखी. फरक फक्त वर्ग उघडा की बंद एवढाच. त्यामुळे ऑनलाइन बरं की वर्ग बरा, या प्रश्नावर सीमाभागातली मुलं जे बोलतात ते ऐकण्याजोगं आहे. पुण्या-बंगळूरच्या मुलांनी दोन्ही गोष्टी एकामागून एक अनुभवल्या. इथल्या मुलांनी त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या.

हे सगळं ऐकून माझं मत बनलं ते असं. इंटरनेट सीमा पुसून टाकील असं सगळे सांगत होते. सीमाभागात सीमा पुसत आला तो वर्ग. ऑनलाइन शिक्षण मात्र आपापल्या राज्याच्या हद्दीतच राहिलं.

पडदा बेळगावला नवा नव्हता

दूरवरच्या शिक्षकाचा तास पडद्यावर बघण्याची सुरुवात इथे साथीमुळे झाली, असं आजच्या मुलांना वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी उपग्रहावरून वर्ग भरवणाऱ्यांत बेळगावचं नाव आहे. खानापूर रस्त्यावर मच्छेजवळ मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे व्हीटीयू, १९९८ मध्ये स्थापन झालं. राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली आणि लगेच एक अडचण जाणवू लागली: कॉलेजं भराभर वाढली, पण नव्या विषयांचे चांगले शिक्षक मोजकेच.

त्यावर इस्रोने तोडगा सुचवला. शिक्षणासाठी खास उपग्रह सोडायचा होता, पण त्याआधी तालीम हवी होती. ती तालीम इन्सॅट-३बी या उपग्रहावरून झाली आणि त्यात तीन विद्यापीठं घेतली: कर्नाटकातलं व्हीटीयू, मध्य प्रदेशातलं राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून १,९५० किलो वजनाचा एज्युसॅट उडाला. योगायोग असा की, ज्या दोन राज्यांचा सीमेचा दावा त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, त्यांची दोन विद्यापीठं एकाच उपग्रहाच्या तालमीत होती.

एज्युसॅटचा तास कसा चाले? स्टुडिओत प्राध्यापक उभे राहून शिकवत. कॉलेजातल्या खास खोलीत डिश, रिसीव्हर, प्रोजेक्टर आणि पुढे बाकांवर बसलेली मुलं. मुलं कॉलेजात येत, आपल्या वर्गमित्रांशेजारी बसत आणि दूरच्या शिक्षकाकडून शिकत. शंका आली तर विचारायची सोय होती, आणि ती साधली नाही तर खोलीत हजर असलेल्या स्थानिक शिक्षकाला विचारता येई. म्हणजे शिक्षक लांब होता, वर्ग मात्र शाबूत होता. २०२० साली नेमकं उलटं झालं. शिक्षक तेच राहिले, वर्गच मोडला. या दोन्ही गोष्टींना आपण 'ऑनलाइन' या एकाच नावाने ओळखतो आणि मग चर्चेत गोंधळ होतो.

दुसरा धागा मुक्त विद्यापीठाचा. जुलै १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी करणाऱ्या, शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या, घरसंसारात अडकलेल्या माणसाला पदवी मिळावी हा हेतू. पण ज्या संस्थेने दुरून शिकवणं हाच धर्म मानला, तिनेही अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं सोडली नाहीत. पुस्तक घरपोच मिळालं तरी महिन्यातून काही वेळा माणसाने माणसासमोर बसावं, हे दूरशिक्षणवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मार्च २०२० मध्ये घाईघाईने 'सगळं ऑनलाइन' करताना हा अनुभव कुणी हाताशी घेतला नाही.

रेंज, मोबाइल आणि बिडीचं सूप

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. पहिले काही आठवडे कुणालाच काही सुचत नव्हतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचे ग्रुप झाले, त्यावर पीडीएफ येऊ लागल्या, पाठोपाठ झूम आणि गुगल मीट आलं. प्राध्यापक मंडळी मुलांकडूनच मीट शिकली. 'आवाज येईना सर' आणि 'सर, तुमचा माइक बंद आहे' ही दोन वाक्यं त्या वर्षी जेवढी बोलली गेली तेवढी विषयाची वाक्यं बोलली गेली नसतील.

साधनांची अवस्था आधीपासून माहीत होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी संगणक होता ४.४ टक्के घरांत आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. पुढच्या दोन वर्षांत स्वस्त डेटामुळे मोबाइल वाढले, हे खरं. पण घरात एक मोबाइल आणि शिकणारी तीन मुलं, हे चित्र निपाणी, चिकोडी, खानापूर भागात सार्वत्रिक होतं. अशा घरात मोबाइल कुणाला मिळणार हे ठरलेलं असे. दहावी-बारावीच्या मुलाला आधी, मग पदवीच्या मुलाला, मग मुलीला. वडील कामाला निघाले की मोबाइल त्यांच्याबरोबर जाई. मग रात्री ते आल्यावर रेकॉर्डिंग बघायचं, तेही डेटा शिल्लक असला तर.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात, प्रश्न डेटाचा नव्हताच, रेंजचा होता. भीमगड अभयारण्याच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वीजही भरवशाची नसते, मग टॉवर कसला? तिथली बेळगावच्या कॉलेजांत शिकणारी मुलं टेकाडावर, वळणावर, जिथे दोन कांड्या दिसतील तिथे उभी राहून हजेरी लावत आणि पुन्हा खाली उतरत. हजेरी लागे, तास होत नसे.

निपाणीची गोष्ट आणखी वेगळी. हे तंबाखूचं गाव. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने ते देशाच्या नकाशावर आलं, पण गावातल्या किती तरी घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या बिडीवर पेटत आली आहे. बिडी वळणं हे घरबसल्या करायचं बायकांचं काम. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. मुलगी कॉलेजात असते तोवर तिचं सूप बाजूला असतं. तास घरात आला आणि सूपही मांडीवर आलं. कानात इअरफोन, समोर भिंतीला टेकवलेला मोबाइल, आणि हात चालू. घरच्यांचं चुकत होतं असंही नाही. बाहेरचं काम थांबलं होतं, पैशाची ओढाताण होती, आणि मुलगी तर दिवसभर घरातच होती. तिला 'तास चालू आहे' हे पटवून देता येत नसे, कारण तास म्हणजे कुठे तरी जाणं, एवढंच घरच्यांना माहीत.

म्हणून ऑनलाइन की वर्ग, या प्रश्नावर इथल्या मुलामुलींची उत्तरं वेगळी पडतात. मुलगे दोन्ही बाजूंनी बोलतात. मुलींचा कौल मात्र बहुतेक एकाच बाजूला झुकतो. कॉलेज म्हणजे शिक्षण तर आहेच. शिवाय घराबाहेरचे हक्काचे पाच तास, ग्रंथालय, मैत्रिणी आणि कुणी काम न सांगणारी एक जागा. ही जागा कुठल्याच अ‍ॅपला देता येत नाही.

एक संकल्पना, तीन भाषा

सीमाभागातल्या वर्गात शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा एक तास पाहावा. विषय संधी-खर्चाचा. पुस्तक इंग्रजी. शिक्षक व्याख्या इंग्रजीत वाचतात, फळ्यावर लिहितात, वळून बघतात. पुढचे तीन बाक समजल्यासारखे, मागचे कोरे. मग ते मराठीत उतरतात: तुझ्याकडे एक एकर आहे, त्यात तंबाखू लावलास, तर त्या एकरातला ऊस गेला ना? तो गेलेला ऊस हाच तंबाखूचा खरा खर्च. मराठी बाक हलतात. डावीकडे सदलगा-चिकोडीकडची कन्नड मुलं बसलेली असतात. त्यांच्याकडे बघून तेच वाक्य कन्नडात. आता प्रश्न सुरू होतात. एक जण विचारतो, पण सर, उसाला पाणी लागतं, आमच्या माळावर ऊस येतच नाही, मग गेलं काय? आणि तिथे तो विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण संधी-खर्च त्या माळावर सोयाबीनचा असतो, उसाचा नव्हे.

या सगळ्यात शिक्षकाची कमाई कुठली, तर चेहरे वाचून भाषा बदलण्याची. कुठल्या क्षणी इंग्रजी सोडायचं, किती मराठी बोलायचं, कन्नड मुलांना वगळल्यासारखं वाटण्याआधी केव्हा वळायचं, हे तो मागच्या बाकांकडे बघून ठरवतो. मीटवर ते बाक नसतात. चाळीस काळे चौकोन असतात आणि त्यांत नावाची आद्याक्षरं. डेटा वाचवायला मुलं कॅमेरा बंद ठेवतात, ते बरोबरच आहे. पण मग शिक्षक एकच भाषा धरतो आणि तास संपवतो. बहुतेक वेळा ती भाषा इंग्रजी असते, कारण तास रेकॉर्ड होतोय आणि रेकॉर्डिंग वरिष्ठांपर्यंत जाऊ शकतं.

सरकारी पातळीवर तयार झालेलं साहित्यही याच वाटेने गेलं. कर्नाटकाने सरकारी महाविद्यालयांसाठी डिजिटल शिक्षणाची स्वतःची व्यवस्था उभारली, २०२१ मध्ये सुमारे दीड लाख विद्यार्थ्यांना टॅब्लेट वाटायचा कार्यक्रम सुरू केला. काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण ते सरकारी कॉलेजांपुरतं. खासगी अनुदानित कॉलेजातल्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. साहित्य मुख्यत्वे इंग्रजी आणि कन्नडात. तिकडे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या शिक्षकांनी मराठीत चांगले व्हिडिओ केले, शिवाजी विद्यापीठाच्या कला शाखेत तर उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. पण तो अभ्यासक्रम वेगळा, घटकांची मांडणी वेगळी, सत्राचं वेळापत्रक वेगळं. निपाणीतला मराठी मुलगा कोल्हापूरचा व्हिडिओ यूट्यूबवर शोधून बघतो, विषय समजतो, आणि परीक्षेत त्यातला निम्मा भाग येतच नाही. यूट्यूबला सीमा नसते, अभ्यासक्रमाला असते.

वर्गात हे जुळवून घेणारा माणूस होता. बागेवाडी कॉलेजातला मराठी मुलगा अर्जुननगरच्या मित्राच्या वह्या घेऊन यायचा आणि सर त्यातलं आपल्या अभ्यासक्रमाचं काय, परक्याचं काय, ते खुणा करून सांगायचे.

शिकणं वर्गात, परीक्षा घरी

तरी ऑनलाइनच्या बाजूने बोलणारी मुलं थोडी नाहीत, आणि त्यांचं म्हणणं आळसाचं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुलाला सकाळी अकराचा तास कधीच मिळत नव्हता. रेकॉर्ड केलेला तास त्याला पहिल्यांदा मिळाला. पोलीस भरतीची तयारी करणारे पहाटे धावतात, दिवसा झोपतात आणि रात्री व्हिडिओ बघतात. अभियांत्रिकीची मुलं तर साथीच्या आधीपासूनच परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आयआयटींच्या एनपीटीईएलवर जगतात. न समजलेला भाग तीनदा, समजलेला दीडपट वेगाने. वर्गात शिक्षकाला 'सर, तीनदा सांगा' म्हणायची कुणाची टाप नाही.

पुराचंही एक उदाहरण आहे. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी चार दिवस तास मोबाइलवर घेतले तर बिघडत काहीच नाही. बिघडतं ते चार दिवसांचे चार महिने झाले की.

विज्ञान शाखेची मुलं मात्र हसतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगात ब्युरेटमधून थेंब-थेंब अल्कली सोडायची, फ्लास्क हलवत राहायचा, आणि फिनॉल्फ्थॅलीनचा अगदी फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि प्रयोग पुन्हा. ही नजर आणि हा हात चित्रफितीने येत नाही. आभासी प्रयोगशाळा आहेत, आयआयटींनी त्या मोफत ठेवल्या आहेत, आणि सिद्धान्त समजायला त्या उत्तम आहेत. पण तिथे थेंब जास्त पडत नाही. साथीच्या वर्षांत बीएस्सी झालेल्या मुलांना एमएस्सीच्या पहिल्या महिन्यात पिपेट धरायला शिकावं लागलं, ही तक्रार सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येते.

परीक्षेचा विषय निघाला की हीच मुलं, वर्गाच्या बाजूची सुद्धा, ऑनलाइनकडे वळतात. आणि इथे दोन राज्यांनी दोन टोकं गाठली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायलाच हव्यात असं जुलै २०२० मध्ये सांगितलं, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. परीक्षेविना पदवी नाही. कर्नाटकातल्या मुलांनी सप्टेंबरात मास्क लावून, केंद्रावर जाऊन, नेहमीसारखी पानं भरली. महाराष्ट्रातल्या मुलांनी ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्न सोडवले, बहुतेकांनी घरून मोबाइलवर. एका गावातल्या दोन मुलांच्या पदव्या एकाच वर्षीच्या; एकाने तीन तास लिहिलं, दुसऱ्याने तासाभरात पर्याय टिपले. गुणपत्रिका शेजारीशेजारी ठेवल्या तर मोबाइलवाल्याचे आकडे भारी दिसत. नोकरीच्या मुलाखतीत मात्र दोघांना एकच बिरुद चिकटलं: 'कोविड बॅच'.

पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात परीक्षा पुन्हा प्रत्यक्ष घ्यायचं ठरलं तेव्हा महाराष्ट्रभर विद्यार्थ्यांनी ऑनलाइनचा आग्रह धरला. लोकांनी नावं ठेवली, पण त्यांच्या म्हणण्यात एक साधा न्याय होता: शिकवलं पडद्यावर, मग परीक्षा कागदावरची का? दोन वर्षं पान भरून लिहायची सवय सुटलेली. हाताला वेग नाही, मुद्दे मांडायची घडी मोडलेली. परीक्षेच्या बाबतीत मुलं ऑनलाइनच्या बाजूने बोलतात तेव्हा ती सोय मागत असतात, हे खरं. त्याच वेळी आपल्याला लिहायला कुणी शिकवलं नाही, हेही ती कबूल करत असतात.

टोलनाका आणि तिकीट

सीमा प्रत्यक्ष बघायची तर कोगनोळीच्या टोलनाक्यावर जावं. २०२१ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलै-ऑगस्टात महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याकडे तिथे आरटीपीसीआरचा अहवाल मागितला जाई. कागलहून महामार्गाने अर्जुननगरला यायचं तर मध्ये कर्नाटक लागतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलाने महाराष्ट्रातल्या कॉलेजात जाण्यासाठी कर्नाटकाच्या नाक्यावर अहवाल दाखवायचा. मुरगूडच्या बाजूने वळसा घालून येता येई, पण त्या वळशाला बस नेहमी नसे.

साथ गेली, नाका सुटला, तरी रस्ता अधूनमधून बंद पडतोच. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात बसवाहकाला झालेल्या मारहाणीनंतर पुन्हा तेच. कोल्हापूरला शिकणारा बेळगावचा मुलगा आणि बेळगावला शिकणारा चंदगडचा मुलगा अशा दिवसांत एकमेकांसारखेच अडकतात.

म्हणून मुलांची मतं ऐकताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली. ऑनलाइन की वर्ग, याचा निकाल पुष्कळदा बसच्या तिकिटावर लागतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना राज्यांतर्गत साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास फुकट झाला. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागातल्या मुलींसाठी शिक्षणाची याहून मोठी योजना अलीकडे झालेली नाही, आणि ती शिक्षण खात्याची नाही. पास काढायला पैसे नाहीत म्हणून घरी बसणं संपलं. महामार्गालगत भूतरामनहट्टीला असलेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठात एमएला जायचं म्हणजे गावातून दोन बस बदलायच्या. तो खर्च आधारकार्ड दाखवून मिटला. त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राने एसटीत महिलांना निम्मं तिकीट केलं. दोन्ही योजनांची धाव आपापल्या हद्दीपर्यंत.

वर्ग आहे, शिक्षक?

वर्गाची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. वर्ग भरतोच असं नाही. कर्नाटकातल्या सरकारी पदवी महाविद्यालयांचा गाडा १० हजारांहून अधिक अतिथी व्याख्यात्यांवर चालतो. २०२१ च्या अखेरीस ते संपावर गेले आणि राज्यभरातले तास महिनाभराहून जास्त काळ रखडले. २०२३ च्या अखेरीस पुन्हा आंदोलन झालं. महाराष्ट्रात त्यांनाच तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक म्हणतात. नेट-सेट, पीएचडी झालेला माणूस तासावर मोजून पैसे घेतो, तेही काही महिन्यांनी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बेरोजगार असतो. तो सत्राच्या मध्येच दुसरीकडे गेला तर त्याला दोष कसा द्यायचा?

मुलांनाही हे दिसतं. जो तास भरतो त्यातही कित्येकदा नोट्स उतरवून घेणं एवढंच चालतं. मग एखादा हुशार मुलगा विचारतो, उतरवूनच घ्यायचं तर पीडीएफ काय वाईट? याला प्रामाणिक उत्तर नाही. वाईट वर्ग आणि चांगला व्हिडिओ यांत निवड करायची झाली तर व्हिडिओच निवडावा.

पण व्हिडिओच्या भरवशावर सोडलेल्या मुलाचं काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी मोफत ऑनलाइन कोर्स खुले केले तेव्हा कॉलेजंच बंद पडतील अशी भाकितं झाली. लाखोंनी नावं नोंदवली आणि बहुसंख्यांनी अर्ध्यावर सोडली. शेवटपर्यंत टिकले ते बहुतेक आधीच पदवी असलेले, स्वतःच्या शिस्तीने शिकणारे. निपाणीच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती शिस्त शिकायलाच तर कॉलेजात यायचं असतं. 'काल का आला नाहीस?' हा प्रश्न विचारणारं कुणी तरी लागतं.

पदवीला आता हद्द नाही

सध्या कागदावर एक मोठा बदल झाला आहे आणि सीमाभागात त्याची पुरेशी चर्चा नाही. राज्य विद्यापीठाला पत्राने चालणारं दूरशिक्षण आपल्या कार्यक्षेत्राबाहेर नेता येत नाही. त्यामुळे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र बेळगावात उघडू शकत नाही. पूर्ण ऑनलाइन पदवीला मात्र अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी ही हद्दीची अट ठेवलेली नाही. शिवाजी विद्यापीठाचे आणि व्हीटीयूचेही काही पदव्युत्तर अभ्यासक्रम आता ऑनलाइन आहेत. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायलाही परवानगी आहे. म्हणजे निपाणीच्या मुलीने दिवसा राणी चन्नम्मा विद्यापीठाचं एमए करावं आणि रात्री कोल्हापूरची ऑनलाइन पदवी घ्यावी, यात नियमाची आडकाठी नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट क्रेडिटची. २०२१ मध्ये श्रेयांक पेढी सुरू झाली. एका संस्थेत मिळवलेलं क्रेडिट दुसरीकडे वळतं करता यावं हा तिचा हेतू. त्याच वर्षी आयोगाने केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सना एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट द्यायची मुभा दिली. दिल्ली-चेन्नईच्या प्राध्यापकाचा कोर्स निपाणीतल्या मुलाच्या गुणपत्रिकेत धरता येतो. मग अर्जुननगरच्या प्राध्यापकाचा का नाही?

सीमाप्रश्न न्यायालयात आहे आणि राहील. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना तिथल्या व्यावसायिक प्रवेशांत जागा आहेत, नोकरीत रहिवासाच्या अटीला सूट आहे. पण हे सगळं त्या मुलांना सीमेपलीकडे बोलावणारं आहे. आहे तिथे राहून शिकणाऱ्याला काय, याचा विचार दोन्ही राज्यांनी फारसा केलेला नाही. त्यासाठी करार दोन विद्यापीठांत व्हावा लागेल, दोन मुख्यमंत्र्यांत नव्हे. मराठी, कन्नड, अर्थशास्त्र, इतिहास अशा चार विषयांपासून सुरुवात करता येईल. अभ्यासक्रमातले समान घटक काढायचे, दोन्हीकडच्या चांगल्या शिक्षकांनी ते मराठीत आणि कन्नडात रेकॉर्ड करायचे. आणि बाकीचा वेळ वर्गात ठेवायचा: प्रश्नांसाठी, लिहून बघण्यासाठी, माळावर ऊस का येत नाही हे विचारण्यासाठी. एज्युसॅटच्या काळात बेळगावात जी रचना होती ती हीच, शिक्षक लांबचा आणि वर्ग जवळचा.

मुलांचं म्हणणं गोळा करून सांगायचं तर ते एवढंच आहे. तास रेकॉर्ड करा, पण तास घ्या. व्हिडिओ द्या, पण आमच्या भाषेत आणि आमच्या अभ्यासक्रमाचा. परीक्षा कशीही घ्या, पण दोन गल्ल्यांसाठी दोन तऱ्हेची नको. शिक्षक नेमा, बस चालू ठेवा. यातली एकही मागणी नव्या तंत्रज्ञानाची नाही.

बागेवाडी कॉलेजातल्या मुलीला अर्जुननगरच्या सरांचा तास क्रेडिटसह मिळेल आणि तिथल्या कन्नड मुलाला इकडचा, तेव्हा निपाणीत ऑनलाइन शिक्षण आलं असं म्हणता येईल. तूर्त आलंय ते फक्त नेटवर्क.